गाडा कोणाचा? कोल्हापुरी चवीचा वारसा आणि वतनाचा जुना प्रश्न

कोल्हापुरातील नामांकित मिसळींची नावे एका ओळीत मांडून पाहावीत. फडतरे, चोरगे ही आडनावे. बावडा, खासबाग ही ठिकाणे. अपवाद आहेत, पण कल स्पष्ट दिसतो. नावात पदार्थाची स्तुती नाही, ‘अस्सल’ किंवा ‘झणझणीत’ अशी विशेषणे नाहीत. (मिसळीला ‘कोल्हापुरी’ म्हणण्याची गरज पुण्या-मुंबईच्या पाट्यांना भासते, कोल्हापुरात ती भासण्याचे कारण नाही.) भेळेच्या बाबतीत तर ‘राजाभाऊ’ एवढे नुसते नाव पुरते. आपल्या खाण्याला ओळख देताना या शहराने दोनच गोष्टी भरवशाच्या मानल्या: करणारे घर कोणते, आणि ते घर बसते कोठे.

या धाग्याचा विषय या दोन गोष्टींचा आहे. गाडा बापाकडून मुलाकडे जातो असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात काय जाते, काय जात नाही, आणि काय जाऊ द्यावे, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना कोल्हापूरच्या इतिहासाला बगल देता येत नाही, कारण वारसाहक्काने चालत आलेल्या धंद्यांवर घाव घालणारे हेच ते संस्थान.

आधी ‘पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा’ या शब्दप्रयोगाचा हिशेब करून टाकू. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती या किनाऱ्यावर उतरली. बटाटाही त्याच खंडातला, आणि सामान्य माणसाच्या ताटात तो रुळला एकोणिसाव्या शतकात. मिसळीबरोबर कोल्हापुरात पाव मिळत नाही, कापलेल्या ब्रेडच्या चकत्या मिळतात. त्यामागे बेकरी आली, भट्टी आली. तेव्हा महाराणी ताराबाईंच्या काळातला कोल्हापूरकर कट-वडा खात होता अशी कल्पना कोणी करीत असेल, तर ती गोड असली तरी टिकणारी नाही.

साहित्यापेक्षा मोठा अडसर होता तो हाताचा. जुन्या समाजव्यवस्थेत कोरडे, भाजलेले जिन्नस कोणाकडूनही घेता येत: चिरमुरे, फुटाणे, लाह्या. पाण्यात शिजवलेले अन्न मात्र कोणाच्या हातचे खायचे, हा जातीचा प्रश्न होता. भेळ आणि मिसळ यांमधला फरक आज केवळ चवीचा वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो शुद्धाशुद्धतेचा होता. रस्त्यावर उभे राहून, शेजारी कोण उभा आहे हे न विचारता, अनोळखी माणसाने वाढलेली रश्शाची वाटी तोंडाला लावणे हे आधुनिक कृत्य आहे.

ही आधुनिकता कोल्हापुरात कशी आली, याच्या खुणा तारखांसह दाखवता येतात. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली गेली आणि गुळाचे रवे घेऊन खेड्यापाड्यांतील शेतकरी शहरात येऊ लागला. १९०१ पासून वसतिगृहे निघाली. १९०६ मध्ये शाहू मिल. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीचे मैदान. पुढे बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’. या प्रत्येक ठिकाणी घरापासून दूर, भुकेलेला, खिशात थोडे पैसे असलेला माणूस उभा होता. गाडा जन्माला येतो तो अशा माणसासमोर.

आता गंगाराम कांबळे यांची कथा. ती अनेकांनी ऐकलेली असते, पण बहुधा अर्धीच.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस होते. जातीने महार. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाचे पाणी प्यायल्यावरून तेथील सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले, आणि कांबळे यांना नोकरीतून मोकळे करून, पैसे देऊन, स्वतःचा धंदा काढावयास सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल निघाले. चहात उणे काही नव्हते. उणे होते ते गिऱ्हाईक. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? महाराजांनी यावर जो उपाय योजला तो हुकूमनाम्याचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता. रपेटीस निघाले की ते आपला खडखडा हॉटेलापुढे उभा करीत, चहा मागवीत, भर रस्त्यात स्वतः पीत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत.

ही कथा सांगताना राजाचे मोठेपण सांगून लोक थांबतात. धंद्याच्या अंगाने पाहिले तर तिच्यात आणखी काही आहे. कांबळे यांना तीन गोष्टी मिळाल्या: भांडवल, रहदारीची जागा आणि पहिले गिऱ्हाईक. यांतली एकही त्यांना वारशाने मिळालेली नव्हती. वारशाने जे मिळाले होते, ते त्यांना शिजवलेल्या अन्नाच्या जवळपासही फिरकू देणारे नव्हते. कोल्हापूरच्या रस्त्यावरील खाण्यापिण्याच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वारसा चालवण्याची नाही, वारसा तोडण्याची आहे.

त्याच काळात, १९१८ मध्ये, संस्थानात कुलकर्णी वतन रद्द झाले, महार वतन रद्द झाले, बलुत्याची पद्धत मोडून कोणालाही कोणताही धंदा करण्याची मोकळीक दिली गेली. त्याच्या आदल्या वर्षी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले होते. दोन्ही निर्णयांचे सूत्र एकच: बाप जे करतो तेच मुलाने केले पाहिजे, ही सक्ती संपली पाहिजे.

म्हणूनच ‘नव्या पिढीला कष्ट नकोत, म्हणून जुने गाडे बंद पडत आहेत’ हा आजचा सूर कोल्हापुरात तरी शोभत नाही. पहाटे चारला उठून कट टाकणाऱ्या बापाने त्या कष्टातूनच मुलीची फी भरलेली असते. ती मुलगी पुढे सीपीआर रुग्णालयात परिचारिका झाली किंवा मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर झाला, तर गाड्याने आपले काम चोख बजावले असे म्हणावयास हवे. उसासे टाकणारे बहुधा गाड्याच्या पुढच्या बाजूला, बाकड्यावर बसलेले असतात.

तथापि एवढ्यावर विषय संपत नाही. अनेक घरांतली मुले गाडा चालवू इच्छितात. आवडीने, हिशेबाने, कधी नोकरीचा अनुभव घेऊन परतल्यावर. त्यांच्या वाट्याला नेमके काय येते?

चव येते, पण तीही समजली जाते तशी सरळ रेषेत नाही. कोल्हापुरात ‘चटणी’ म्हणजे पातळ वाटण नव्हे, वर्षभराचे तिखट. उन्हाळ्यात, वळीव येण्याआधी, मिरच्या वाळवायच्या, देठ खुडायचे. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, जाळाला लवंगी. धने, तीळ, खोबरे भाजायचे, कांदा तळायचा, लसूण सोलायचा, आणि सगळे डंकावर कांडून आणायचे. प्रमाण कोणत्याही वहीत नसते. मूठ कोणाची, यावर ते ठरते. उन्हाळ्याच्या त्या दहा-पंधरा दिवसांत घरातली बाईमाणसे जे करतात, त्यावर पुढचे बारा महिने गाड्याची अब्रू उभी असते.

आणि ही बाईमाणसे कोण? सासू आणि सून. म्हणजे ‘अमुक घराण्याची चार पिढ्यांची चव’ असे जिथे लिहिलेले असते, तिथे ती चव दर पिढीला परक्या घरातून आलेल्या स्त्रीच्या हाती सोपवली गेलेली असते. ती आपल्या माहेरची एखादी सवय बरोबर आणते, खोबरे जरा जास्त खरपूस भाजते, आणि वीस वर्षांनी तीच ‘मूळ चव’ ठरते. पाटीवर नाव सासऱ्याचे राहते. वंशावळ पुरुषांची, पाककृती बायकांची, ही विभागणी वतनाच्या कागदांइतकीच जुनी आहे. फरक एवढाच की वतनाचे कागद दप्तरात जपून राहिले.

मुलाकडे जे काम जाते त्याची एक चढण असते. आधी ताटल्या विसळणे, मग कांदा चिरणे, शेव-चिवडा घालणे, मग गल्ल्यावर बसणे. मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणण्याला दीड-दोन दिवस लागतात. उद्या गर्दी किती होईल याचा अंदाज आजच बांधावा लागतो, आणि हा अंदाज शिकण्यात वर्षे जातात. कटाची फोडणी सर्वांत शेवटी हाती येते. कित्येक घरांत ती बापाचे हात थरथरू लागेपर्यंत येतच नाही.

चव अशी वळणावळणाने का होईना, जाते. जागा जात नाही.

जागेचे महत्त्व कळण्यासाठी गंगावेशीतला दूध कट्टा पाहावा. गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, लोक उभ्या उभ्या फेसाळ, धारोष्ण दूध पितात. तेच दूध, तीच म्हैस, दोन किलोमीटरवर नेऊन बांधली तर कट्टा उरत नाही. तालमींचे शहर, संध्याकाळची वेळ, जुनी पेठ आणि लोकांच्या पायांना लागलेली सवय यांनी मिळून ती जागा घडवली आहे. खासबागेजवळच्या भेळेचेही तेच. गाडा चाकांवर असतो, पण धंदा चाकांवर नसतो.

आणि जागेचा प्रश्न आला की कायदा येतो. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये झाला. तो होण्यास दीर्घ लढा कारणीभूत होता. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर धंदा करणे हा, वाजवी निर्बंधांसह, घटनादत्त व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले होते. २०१४ च्या कायद्याने विक्री प्रमाणपत्र दिले, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण बंधनकारक केले, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून द्यावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात असे ठरवले. हा कायदा चांगला आहे. जे त्याला ‘अतिक्रमणाला मान्यता’ म्हणतात, त्यांनी तो वाचलेला नसतो.

पण त्याचे पाचवे कलम बारकाईने वाचावे. प्रमाणपत्र घेणाऱ्याने हमी द्यावयाची की आपण स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फतच धंदा करू, आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र आपण कोणत्याही प्रकारे, भाड्यानेसुद्धा, दुसऱ्याला देणार नाही. विक्रेत्याचा मृत्यू झाला, तो कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तर कुटुंबातील एक व्यक्ती त्याच्या जागी उभी राहू शकते. अग्रक्रम ठरलेला आहे: आधी जोडीदार, नंतर अवलंबून असलेले अपत्य. तेही प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत.

जोडीदाराला पहिला मान देणारा हा अग्रक्रम पाटीवरच्या नावांपेक्षा शहाणा आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. अडचण आहे ती ‘अवलंबून’ या एका शब्दात. समजा, भेळेचा गाडा चालवणारा एक विक्रेता गेला. पत्नी आधीच वारलेली. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये हिशेब लिहिते. लहानपणापासून तिने चिंचेचा कोळ काढलेला, संध्याकाळी गल्ल्यावर बसलेली. ती कमावती आहे, म्हणून अवलंबून नाही. आज नोकरी सोडून उभी राहते म्हटले तरी त्या प्रमाणपत्रावर तिचा दावा लंगडा. तिने नव्याने अर्ज करावा, रांगेत थांबावे, आणि जागा मिळेल तेथे जावे. याउलट कधी गाड्याकडे न फिरकलेला, घरी बसून असलेला भाऊ मात्र पात्र ठरू शकतो. कायद्याने कष्टाला, कौशल्याला विचारलेच नाही. विचारले ते फक्त हलाखीला.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रस्ता सर्वांचा आहे. त्यावरची मोक्याची जागा वंशपरंपरेने एकाच घरात राहू लागली, तर ते वतनच झाले. आज खेड्यातून आलेला, हातात काही नसलेला माणूस गाडा लावू पाहील, तेव्हा त्याला प्रत्येक चौक आधीच ‘वारसांनी’ व्यापलेला दिसेल. गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रस्त्यावर जागा मिळाली, कारण तेथे कोणाचे वतन आडवे आले नाही. शिवाय वारसाहक्क खुला झाला की मागोमाग पोटभाडे येते, दलाल येतो, आणि गाड्यावर उभा राहणारा एक व पैसे मोजणारा दुसरा अशी अवस्था होते. कायद्याने हस्तांतरण बंद केले ते याच भयाने. भय खरे आहे.

उपाय मात्र चुकीच्या ठिकाणी लावला गेला आहे. वतनाचा दोष रक्ताच्या नात्यात होता खरा, पण त्याहून अधिक दोष हा की ते काम न करताही टिकत असे. म्हणून अट कामाची असावी, हलाखीची नव्हे. जो स्वतः उभा राहतो, ज्याने काही वर्षे त्या गाड्यावर काम केल्याचे समितीपुढे सिद्ध होते, त्याला पहिला हक्क मिळावा. मग तो अवलंबून असो वा नसो, मुलगा असो, विवाहित मुलगी असो, सून असो. आणि घरातले कोणीच पुढे आले नाही, तर तो हक्क वर्षानुवर्षे कांदा चिरणाऱ्या, नात्यात नसलेल्या मदतनिसालाही मिळावा. पोटभाड्याची बंदी जशी आहे तशीच राहावी. किंबहुना ती कडक व्हावी. स्वतः उभे राहणे थांबले की हक्क संपला.

नात्याबाहेर गाडा देण्याची कल्पना आपल्याकडे चमत्कारिक वाटेल. सिंगापूरमध्ये ती प्रत्यक्षात आली आहे. तेथील सरकारने १९७० च्या आणि १९८० च्या दशकांत रस्त्यावरचे विक्रेते छपराखालच्या केंद्रांत हलवले. २०२० मध्ये त्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण तोवर विक्रेत्यांचे मध्यम वय साठीला टेकले होते आणि मुले बँकांत, कार्यालयांत गेली होती. तेव्हा निवृत्त होऊ पाहणाऱ्या अनुभवी विक्रेत्याने नात्याबाहेरच्या होतकरू माणसाला पाककृती आणि गाळा दोन्ही सोपवावेत, यासाठी तेथे योजना काढण्यात आली. सिंगापूरचे सगळेच अनुकरणीय नाही; रस्ता पुसून टाकण्याची त्यांची किंमत कोल्हापूरने मोजू नये. पण चव रक्तातून न जाता शिकवण्यातून जाते, हे तेथील व्यवस्थेने कागदावर मान्य केले. आपल्याकडील सुना ते पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध करीत आल्या आहेत.

इतिहासाची आवड असणाऱ्यांचे या प्रकरणात काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. काम आहे, आणि ते त्याच कायद्यात दडलेले आहे. जेथे विक्रेत्यांनी ५० वर्षांहून अधिक काळ धंदा केला आहे अशा नैसर्गिक बाजारांना ‘वारसा बाजार’ घोषित करावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात म्हटले आहे. पन्नास वर्षे! वास्तूच्या हिशेबाने ही काहीच मुदत नव्हे. पण गाड्याच्या बाबतीत ती सिद्ध करणे महाकठीण, कारण गाडा शिलालेख सोडून जात नाही.

कोल्हापूर महानगरपालिका १९७२ च्या डिसेंबरात अस्तित्वात आली. तेव्हापासूनच्या आणि त्याआधीच्या नगरपालिकेच्या जागाभाड्याच्या पावत्या. जुन्या स्थानिक वृत्तपत्रांतल्या जाहिराती. कुस्तीच्या, दसऱ्याच्या, मिरवणुकांच्या छायाचित्रांत कडेला चुकून आलेला एखादा गाडा. सत्तरी ओलांडलेल्या गिऱ्हाइकांच्या, तारीख आणि सहीसह लिहून घेतलेल्या आठवणी. हे सारे पुरावे आहेत, आणि यांतले कोणतेच किल्ल्यावर किंवा पुराभिलेखागारात सापडणार नाही. ते पत्र्याच्या ट्रंकांत, माळ्यावरच्या गठ्ठ्यांत आहेत. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सखल पेठांतल्या घरांत असे कितीतरी गठ्ठे चिखल झाले.

उरलेल्यांची मोबाइलवर छायाचित्रे घेण्यास एक रविवार पुरतो. जाण्यापूर्वी एवढेच ध्यानात ठेवावे की पावतीवर नाव सासऱ्याचे असेल; चटणी कोणी कांडली, हे पावतीवर लिहिलेले नसते. ते त्या घरातल्या थोरल्या बाईला विचारून, तिच्या नावासह, वेगळे लिहून घ्यावे लागेल.